स्ट्रेस इकोचा भाव

बोरिवलीच्या मंडईत मेथीच्या जुडीचा भाव तीन ठिकाणी विचारल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी ज्या दिवशी स्ट्रेस इको लिहून दिला, त्याच संध्याकाळी मी फोन घेऊन बसले. जिना चढताना छातीत भरून यायचं. पट्ट्यावर चालवून काढलेला कार्डिओग्राम थोडा संशयास्पद आला होता, म्हणून आता पट्ट्यावर पळवायचं आणि लगेच आडवं करून हृदयाची सोनोग्राफी करायची, असं ठरलं होतं. माझी आई अशीच छातीत भरून येतंय म्हणता म्हणता गेली. भीती वाटली की कुणी जप करतं, मी भाव विचारते. हे मला चिडवतात त्यावरून.

पण इथला भाव काही सरळ नव्हता. कुठेही फोन केला की आकड्याच्या आधी समोरून प्रश्न यायचा, "मॅडम, मेडिक्लेम आहे का?" नाही म्हटलं की आकडा सांगायचे. आहे म्हटलं की, "मग तुम्ही येऊनच जा ना." मालाडच्या एका सेंटरला साडेतीन हजार, घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात सात हजार. धर्मादाय दवाखान्यात पुष्कळ स्वस्त, पण नंबर लागणार महिन्याभराने, आणि तेवढा धीर माझ्यात नव्हता. मालाडचं जवळजवळ पक्कं केलं होतं.

तेवढ्यात चेंबूरहून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "वेडी आहेस का गं? खिशातून कशाला भरतेस? भावोजींच्या ऑफिसचा मेडिक्लेम काय लोणचं घालायला ठेवलाय?" त्यांनी गेल्या वर्षी हाच इको केला होता. नुसत्या तपासणीचे पैसे विमा कंपनी देत नाही, पण एक दिवस अ‍ॅडमिट झालं की सगळं कॅशलेस. आमच्या बिल्डिंगमध्येही लोक असंच करतात. एरवी दोन रुपयांसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी मी, फुकट म्हटल्यावर एक शब्द विचारला नाही. ह्यांनी सुट्टी टाकली आणि सकाळी आम्ही त्या सात हजारवाल्या हॉस्पिटलात दाखल झालो.

मी माझ्या पायांनी चालत गेले होते. पण अ‍ॅडमिट झालेल्या माणसाला चालू देत नाहीत. मला व्हीलचेअरवर बसवलं, मनगटाला नावाचा पट्टा अडकवला, मागे नाड्या असलेला झगा घातला. माझी साडी आणि चपला एका पिशवीत गेल्या. हातात सलाईनची सुई खुपसली, सलाईन मात्र लावलं नाही. हे कशाला, म्हणून विचारलं तर सिस्टर म्हणाली, "अ‍ॅडमिट पेशंटला लागतं, मावशी."

इको अर्ध्या तासात झालासुद्धा. छातीवर गार जेल, मग पट्ट्यावर धाप लागेपर्यंत पळापळ, आणि त्याच धापेत झटकन डाव्या कुशीवर. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडे. "छान चाललंय हृदय. काही नाही. वजन उतरवा आणि घरी जा," ते म्हणाले. मला तिथेच रडू आलं. किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

घरी जा म्हणणं सोपं होतं. सकाळी भरती करताना विमा कंपनीची मंजुरी आली होती, आता बिलाला यायची होती. दुपार झाली, चहाची वेळ झाली, सिस्टर येता-जाता म्हणायची, "अप्रूव्हल आलं की लगेच." मध्येच येऊन कुणीतरी बीपी बघायचं, छातीत दुखतंय का विचारायचं, नाही म्हटलं की लिहून घ्यायचं. खोलीची खिडकी उघडणारी नव्हती. खाली लोक रिक्षा थांबवून कुठे कुठे चालले होते आणि मी ठणठणीत बाई पाठीमागून झगा आवळत काचेशी उभी. एकदा वैतागून वॉर्डच्या दारापर्यंत गेले, तर वॉचमनने गेटपास मागितला. बिल चुकतं झाल्याशिवाय तो मिळत नाही. मी मुकाट्याने परत येऊन कॉटवर बसले.

संध्याकाळी मेडिक्लेमच्या काउंटरवरची मुलगी वर आली. कंपनीने क्लेम नाकारला होता. कारण, केवळ तपासणीसाठी भरती. खोली, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, सगळं धरून बिल अडतीस हजार.

"पण सकाळी तर मंजुरी आली म्हणालात," हे म्हणाले.

"सर, ती पहिली होती. फायनलला ते रिपोर्ट बघतात ना. काही निघालं असतं, अँजिओग्राफी वगैरे लागली असती, तर बसला असता क्लेम. नॉर्मल आलं की अडवतात." तिला खरंच वाईट वाटत होतं, पण बिल तिने पलंगावर ठेवलंच.

मी जाऊबाईंना फोन लावला. तुमचं कसं पास झालं, म्हणून विचारलं. "अगं, माझं ब्लॉकेज निघालं ना," त्या म्हणाल्या. हे त्यांनी आधी सांगितलं होतं, आम्ही भेटायलाही गेलो होतो. दोन्ही गोष्टी जोडून बघायचं मात्र आम्हां दोघींनाही सुचलं नाही.

घरात तेवढे पैसे होते, पण मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीचे. ह्यांनी बिल उचलून शेवटपर्यंत चाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवीतेवी आलोच आहोत, तर उद्या अँजिओ करूनच घ्यायची का? एकदा खात्री होऊन जाईल."

चांगल्या हृदयात नळी घालायची, कंपनीला पैसे द्यावे लागतील म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पैसे भरा," मी म्हटलं. "फीचं बघू काहीतरी."

ते खाली गेले. सिस्टरने सुई काढली आणि कापूस दाबून धरायला सांगितला. कापूस धरून बसल्या बसल्या ह्यांच्यावरचा राग धरून ठेवायला गेले, पण जमेना. ते निदान तोंडाने बोलले. ती मुलगी नॉर्मल आलं की अडवतात म्हणाली, तेव्हाच, त्यांच्याही आधी, माझ्या मनात येऊन गेलं होतं, थोडंसं काहीतरी निघायला हवं होतं. सकाळी जे हृदय बरं निघावं म्हणून जीव मुठीत धरून पळाले, ते बरं निघालं याचं संध्याकाळी मला वाईट वाटलं होतं.