खाटेवर न बसलेला पेशंट

आमच्या दवाखान्यातल्या ज्युनिअर मुली पुढच्या शिक्षणाच्या मुलाखतीला निघाल्या की हमखास माझ्याकडे येतात. "मॅडम, तुम्हाला तेव्हा काय विचारलं होतं? तुम्ही काय सांगितलंत?" मी त्यांना केस नीट बांधा, पाणी पिऊन जा, असलं काहीतरी सांगून वाटेला लावते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी फारशी शोभा नाही.

एमबीबीएस झाल्यावर सरकारी बंधपत्राची नोकरी करावी लागते. मला तळोद्याहून वर सातपुड्यात जाणाऱ्या रस्त्यावरचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. मी शहाद्याकडची, सपाटीवरची. केळी आणि उसात वाढलेली. घरातून डोंगर रोज दिसायचा, पण वर कधी गेले नव्हते. आमच्याकडे डोंगर म्हणजे मजूर जिथून येतात ती जागा, एवढीच ओळख. वडील सोडायला आले ते तळोद्यापर्यंतच. जीपच्या टपावर माणसं बसलेली बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. "दोन वरीस काढ आनि खाले ये. आठे तुन्हं काय काम शे?" म्हणाले. इथं आपलं काही काम नाही, असं मलाही वाटत होतं.

तिथले दिवस आता आठवतात तेव्हा मला आधी वास आठवतो. बाजाराच्या दिवशी ओसरीवर दाटीवाटीने बसलेली माणसं, त्यांच्या टोपल्यांतली मोहाची फुलं, आणि आतून येणारा फिनेलचा वास. एरवी दवाखाना ओस असायचा. बाजाराच्या दिवशी मात्र मीठ-मिरची घ्यायला आलेला सगळा डोंगर ताप, खोकला, गरोदर सुना घेऊन आमच्याकडे डोकवायचा. एका पेशंटबरोबर सहा माणसं, आणि सहाही जणांना पेशंटला काय होतंय ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी चिडायचे. मला लवकर चिडता येतं, अजूनही.

हे सगळं चालवायची सिस्टर. ती पावरा आदिवासी घरातली, जवळच्याच पाड्यावरची, वयाने माझ्याहून बरीच मोठी. पेशंट पावरीत बोलायचे, ती मला मराठीत सांगायची, मी मराठीत रागवायचे आणि ती ते पावरीत गोड करून पोचवायची. माझ्या तोंडून निघालेली दोन वाक्यं तिच्या तोंडून निघताना पाच व्हायची, आणि समोरची बाई हसायची. रागावल्यावर कुणी हसतं कसं, हे मला कित्येक महिने कळलं नव्हतं.

पहिल्या वर्षीच्या होळीला सिस्टर रजेवर गेली. डोंगरातली होळी म्हणजे वर्षाचा सण, तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. दवाखान्यात मी आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. तोही माझ्यासारखाच सपाटीवरचा, अहिराणी बोलणारा. आम्ही दोघं दिवसभर त्याच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन वरच्या लोकांबद्दल बोलायचो. जणू आम्ही परदेशात नोकरीला आलो होतो.

दुपारी एक माणूस आला. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, अंगभर राखेचे ठिपके, पाय अनवाणी. उजव्या पायात काटा मोडून आत राहिला होता आणि पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झाला होता. अंगात सणसणून ताप. सलाईन आणि शिरेतून औषध द्यायला हवं होतं, तेही लगेच. मी खाटेकडे बोट केलं. तो जमिनीवर बसला. मी पुन्हा बोट केलं. त्याने मान हलवली, काहीतरी बोलला आणि तिथंच बसून राहिला.

"काय म्हणतो?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"नाटकं करी ऱ्हायना तो, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "सन शे ना आज. घेयेल व्हई थोडी."

मलाही तेच वाटलं. दारूचा वास येत नव्हता, हे माझ्या नाकाला कळलं होतं, पण डोक्याने ऐकलं नाही. मी आवाज चढवला. जमिनीवर सलाईन लावत नाहीत, इथं घाण आहे, वर झोप नाहीतर जा. यातलं त्याला किती कळलं देवाला ठाऊक, पण 'जा' म्हणताना मी दाराकडे हात केला होता. तो थोडा वेळ बसला. मग भिंतीला धरून उठला आणि लंगडत गेला. घुंगरांचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत येत होता. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'उपचारास नकार'.

होळी उलटल्यावर तो आला. या वेळी घुंगरं नव्हती, चौघांनी झोळीत घालून आणला होता. पायाची दोन बोटं काळी पडली होती. सिस्टर रजेवरून परतली होती. तिने पाय बघितला, त्याच्याशी बोलली आणि मग मला सांगितलं. त्याची लहान मुलगी आजारी होती, ती बरी व्हावी म्हणून त्याने भोपळे-घुंगरं बांधून होळीत नाचायचा नवस केला होता. नवसाची पाळणी असते. तेवढे दिवस खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, अनवाणी राहायचं. पाळणी मोडली तर त्याचं फळ मुलीला भोगावं लागेल, असं तो समजत होता. मी ज्या खाटेकडे बोट करत होते तिच्यावर त्याची पोर ठेवलेली होती, आणि मला वाटलं नाटकं करतोय.

त्याला नंदुरबारला पाठवलं. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

पुढे ड्रेसिंगला तो आमच्याकडेच यायचा. रागाचा शब्द नाही. मुलगी बरी होती, तिला एकदा घेऊनही आला. माझ्या टेबलावरचा टॉर्च लावून ती तासभर खेळली. मी त्या दिवशी बाजारातून दोन चटया आणल्या आणि धुऊन कपाटात ठेवल्या. तेव्हापासून जो खाली बसेल त्याला मी खालीच तपासू लागले. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला अडकवायची, चटई अंथरायची आणि मांडी घालून बसायचं. गुडघे दुखायचे. पण खाली बसल्यावर माणसं जास्त बोलतात, हे मला तिथंच कळलं. बाया आपल्या पोटातलं दुखणं टेबलापलीकडून कधी सांगत नव्हत्या, चटईवर सांगू लागल्या. पुढचं दीड वर्ष माझं सुखाचं गेलं. इतकं की 'खाले ये' म्हणणाऱ्या वडिलांना मी फोनवर टाळू लागले.

पण मला शिकायचंही होतं. दक्षिणेतल्या एका रुग्णालयात फॅमिली मेडिसिनचं तीन वर्षांचं प्रशिक्षण होतं. बाळंतपणापासून म्हाताऱ्यांच्या दम्यापर्यंत सगळं एका डॉक्टरने बघायचं, अशा खेड्यांसाठीच काढलेलं. लेखी परीक्षेत माझा नंबर लागला. शेवटची निवड मुलाखतीवर आणि आमच्या यादीतल्या उमेदवारांसाठी जागा एकच. ती हुकली तर वय, लग्न आणि वडील या तिघांनी मिळून मला शहाद्यात एखाद्या नर्सिंग होममध्ये बसवलंच असतं.

मी तयारीला लागले. इंटरनेटवरून उत्तरं उतरवली. मी मेहनती आहे, मी सहृदय आहे, मला संघभावनेने काम करायला आवडतं. वडिलांनी फोनवर भर घातली, "सांगजो, मी शेतकरीनी पोर शे, माले उन लागत नही." सिस्टरसमोर मी सगळं म्हणून दाखवलं. ती गॉजच्या घड्या घालत ऐकत होती.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण हे तर कुणीपण सांगेल. यात आपला दवाखाना कुठंय?"

मला राग आला. नंतर ते खरं वाटलं, म्हणून आणखी राग आला.

मुलाखतीला तीन जण होते. मधल्या बाई वयस्कर, पांढऱ्या केसांच्या, पायात साध्या चपला. त्यांनीच विचारलं, "तुम्ही या प्रशिक्षणाला योग्य आहात, असं तुम्हाला का वाटतं?" मी पोपटासारखी सुरू झाले. मेहनतीपाशी असतानाच त्यांनी हात वर केला. "हे सकाळपासून सगळे सांगतायत. तुमच्या हातून बिघडलेला एखादा पेशंट असेल. त्याचं सांगा."

मग मी त्या पायाचं सांगितलं. कमरेचे भोपळे, काटा, खाट, रजिस्टरमध्ये लिहिलेलं 'उपचारास नकार', काळी बोटं, सगळं. सांगताना मध्येच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "मी बाहेरची होते," मी म्हणाले. "ही प्रथा मला माहीत नव्हती. मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी विचारते, आणि खाली बसते." बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "आपली चूक इतकी सरळ सांगणारं आज पहिल्यांदाच कुणी आलं," म्हणाल्या. मी बाहेर आले तेव्हा हलकी झाले होते, आणि खोटं कशाला बोलू, खूशही झाले होते.

जागा मला मिळाली.

मी जाणार हे वर पाड्यापाड्यांत कळलं. शेवटच्या बाजाराच्या दिवशी माणसं औषधाला कमी आणि मला बघायलाच जास्त आली. कुणी शेंगा, कुणी अंडी. तो पायाचा माणूसही आला. आता मला पावरी बऱ्यापैकी कळत होती, पण हे नीट पोचावं म्हणून त्याने सिस्टरला सांगायला लावलं. "तो विचारतोय," ती म्हणाली, "नवीन डॉक्टरला खाली बसता येतं का?"

मी हसले, पण ते मनाला लागलं. औषधांची यादी, फ्रिजच्या किल्ल्या, रजिस्टरं, सगळ्याचा चार्ज मी कागदावर लिहून ठेवला होता. हे कुठंच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवीन डॉक्टर आला. नाशिककडचा, नुकताच पास झालेला, बुटांना डोंगराची धूळ लागली म्हणून हैराण. चार्ज दिल्यावर मी त्याला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. होळी, नवस, पाळणी, खाट, कपाटातल्या चटया. सिस्टर शेजारी उभी होती. तो हो हो म्हणत होता, मान डोलावत होता आणि मधूनमधून फोन वर धरून रेंज बघत होता. मला संताप आला. तो बॅग ठेवायला आत गेल्यावर मी सिस्टरला म्हणाले, "बघितलंत? एक अक्षर ऐकलं नाही त्याने."

"ऐकतील हळूहळू," ती म्हणाली. "तुम्ही आलात त्या आठवड्यात मी तुम्हालापण इथंच बसून सांगितलं होतं, मॅडम. पाळणीचं, खाटेचं. तुम्हीपण अशीच मान हलवली होती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारात तुरीला काय भाव होता ते सांगावं, तसं तिने सांगितलं आणि आत जाऊन चहा ठेवला. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. ती ओसरी आठवली, तिचा आवाज आठवला, पण शब्द एकही आठवेना. तो पाय कुजून आला त्या दिवशी तिने मला सगळं पुन्हा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं होतं. 'मी सांगितलं होतं ना' असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही दीड वर्ष म्हणाली नाही.

मला फार लाज वाटली. तरी मी जागा सोडली नाही. मुलाखतीतल्या त्या बाईंना पत्र लिहून खरं काय ते कळवलंही नाही. गेले, तीन वर्षं शिकले, आणि खरेपणाबद्दल मिळालेल्या त्या जागेवर बसून चांगली डॉक्टर झाले, असं लोक म्हणतात. पण मला सांगितलेलं होतं, आणि तरी त्याची दोन बोटं गेली.