कुंकवाची रेघ

वरठीत इडलीचे पीठ विकण्याचा माझा धंदा आहे. कारखान्यातली पाळी संपवून घरी जाणारी माणसे सायकल थांबवून पिशवी नेतात. जुना मिक्सर जळाला तो नेमका विहारातल्या कार्यक्रमाची ऑर्डर हाती असताना. शंभर माणसांचा नाश्ता, तोही येत्या रविवारी. मी ऑनलाइन दगडी ग्राइंडर मागवला. सासूबाईंचे म्हणणे होते की भंडाऱ्याच्या दुकानातून आणावा, दुकानदाराला निदान तोंडावर बोलता येते. मी ऐकले नाही.

सोमवारी खोके आले. आमच्याकडे नवी वस्तू पूजेआधी वापरत नाहीत, मग ती मोटरसायकल असो की कुकर. सासूबाईंनी समोरच्या पांढऱ्या भागावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले, हळद-तांदूळ वाहिले, नारळ फोडला. मी फोटो काढून सिहोऱ्याच्या नणंदेला पाठवला. मशीन आधी तपासावी आणि मग पूजा करावी, हे दोघींच्याही डोक्यात आले नाही. भिजवलेले तांदूळ घालून बटण दाबले. दोन मिनिटे खडखड झाली आणि पांढरा भाग स्वस्तिकापासून थेट पायापर्यंत उभा फाटला.

फुटक्या मशीनचे फोटो जोडून मी लगेच तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: वस्तू वापरलेली आहे, तिच्यावर रंगाचे डाग आहेत, तडा वापरताना गेला आहे, बदलून मिळणार नाही. सासूबाईंनी ते दोनदा वाचायला लावले.

"रंगाचे डाग म्हणते," त्या म्हणाल्या. "आता बोल तुया त्या दुकानदाराले."

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. मी स्पीकर लावून भांडी घासत होते. ती हसत म्हणाली, आईचा हात आता कापायला लागला, स्वस्तिकाच्या खाली केवढी वाकडी रेघ गेली आहे.

"माया हात कापत नाई," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी रेघ ओढलीच नाई."

मी हात पुसले. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तो फोटो मी कधीच काढून टाकला होता. नणंदेकडून परत मागवला आणि मोठा करून पाहिला. स्वस्तिकाच्या टोकापासून पायापर्यंत केसाएवढी लाल रेघ गेली होती, बरोबर फाटले त्याच जागी. चीर आधीपासूनच होती आणि ओले कुंकू तिच्यात उतरले होते. त्याच फोटोत वायरची गुंडाळी कंपनीच्या तारेने बांधलेली दिसत होती. पिनांवर प्लास्टिकची टोपीही तशीच होती.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पूजेचा फोटो तक्रारीला जोडला आणि कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत तेच ते सांगत राहिली. फोटो तिच्यासमोर उघडल्याची खात्री करून मी एकेक विचारत गेले. वायर बांधलेली दिसते का? दिसते. पिनांवर टोपी आहे? आहे. मग मशीन अजून लावलीच नव्हती, तर स्वस्तिकाखालची ही चीर वापरताना गेली कशी? तिने पुन्हा लाल डागांचा विषय काढला. तेव्हा सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"बाई, बिना पूजेची वस्तू आमी लावत नाई. पूजा झाली तवा वायर बांधूनच होती. थे कुंकू आहे, डाग नोहे. त्यानंच तुमची चीर दाखवली."

मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "आजी, माझी आईपण हेच करते. मी वर दाखवते."

दुपारी निरोप आला, बदलून देतो. शुक्रवारी दुसरे खोके दारात आले. आणणाऱ्याला मी पंख्याखाली बसवले, पाणी दिले आणि टॉर्च घेऊन मशीनच्या चारही बाजू, तळ, पाय, सगळे पाहिले. ओले बोट सगळीकडून फिरवले. सासूबाई ताट धरून उभ्या होत्या.

"झालं काय तुयं?"

"झालं."

"मंग सरक."

शनिवारी दिवसभर पीठ वाटले. रविवारी विहारातली भांडी रिकामी परत आली आणि सोबत पुढच्या कार्यक्रमाचेही सांगणे आले. सासूबाईंनी मात्र तोवर धीर धरला नव्हता. पूजेचा नवा फोटो त्यांनी शुक्रवारीच माझ्याकडून सिहोऱ्याला पाठवून घेतला होता.

"तिले म्हण, मोठा करून पाह. कुठं रेघ दिसते काय."