हिराआत्याचा खो

माझी डावी पापणी माझ्याआधी झोपते. दुपारचं जेवण उरकून दवाखान्याच्या खाटेवर पडलेय, उजव्या डोळ्यानं पंखा बघतेय आणि डावा डोळा केव्हाच बंद. मेलं हे दुखणं! राखणीला ठेवलेल्या पेशीच माझ्या स्नायूंच्या मुळावर उठल्यात. चहाच्या सुमाराला डॉक्टर येतील. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी काढायची की नाही, ते मला त्यांना सांगायचंय.

ही ग्रंथी म्हणे लहानपणी मोठी असते. थायमोसिन, थायमुलिन अशी संप्रेरकं तिच्यातून पाझरतात आणि त्यांच्या तालमीत कच्च्या पेशी आपलं कोण, परकं कोण ते शिकतात. वय वाढतं तशी ती आक्रसते. माझी मात्र या वयात सुजून बसलीय आणि भलतंच शिकवतेय. पण काही झालं तरी शिकवणारी ती. तिलाच काढून टाकायचं? मला भीती वाटते, स्पष्टच सांगते.

उजवी पापणीही उतरते. फरशी तांबडी होते, मऊ होते. मी खो-खोच्या मैदानावर रांगेत उकिडवी बसलेय, पायांत दवाखान्यातल्या सपाता. मैदानाचं कुंपण नीट बघितलं तर माझ्याच बरगड्या.

शिट्टी वाजते. हिराआत्या! माझ्या वडिलांची बहीण, गावातल्या पोरींना जन्मभर खो-खो शिकवलेली. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

"वैजे, पाठ सरळ!"

"आत्या, तू इथं?"

"मग काय तुझा डॉक्टर येणाराय मातीत?"

चिमुकल्या पोरी धावतायत. एक आपल्याच गड्यावर झडप घालते. "तू, घरी जा," आत्या म्हणते. दुसरीला समोरचं कुणीच ओळखू येत नाही. "तूही." रांग भराभर रिकामी होते.

"अगं, सगळ्याच घरी जातील!"

"जाऊ देत. आपल्यांनाच मारणारी मला नको. थोड्या उरतील, त्या पुरतात."

आता आम्ही माझ्या स्वयंपाकघरात. आत्या म्हातारी, एवढीशी झालेली, ओट्यापाशी शेंगा सोलतेय. गळ्यात शिट्टी नाही.

"शेवटच्या वर्षी काय झालं, आठवतं?"

आठवतं तर! तिला विसरायला व्हायचं. आपला संघ कुठला तेच कळेना, आणि ती ओरडायची, धर तिला, धर! शिस्तीच्या पोरी त्या, ऐकायच्या आणि एकमेकींवर आदळायच्या. एकीचा दात पडला.

"मग मी काय केलं?"

"शिट्टी काढून माझ्या हातात दिलीस आणि घरी गेलीस."

"पोरी खेळायचं विसरल्या?"

"छे गं. जिल्ह्याला खेळून आल्या."

"मग? त्यांच्या पायांत मी होतेच की. शिकवून झालं की शिकवणारीनं उठावं. सुजून बसू नये."

मला रडू येतं. "आत्या, तू हवी होतीस गं."

"आलेय ना? बस खाली."

ओट्याखाली तांबडी माती. मी उकिडवी बसते, ती माझ्या पाठीमागे जाते.

"मला भीती वाटते, आत्या."

"वाटू दे. खो मिळाला की उठायचं. तुझ्या जागेवर मी बसते, खेळाचा नियमच आहे." आणि पाठीवर थाप पडते. "खो!"

मी खाटेशेजारी उभी आहे. माझा नवरा सुहास चहाचा थर्मास घेऊन धावत येतो.

"अगं, अशी एकदम उठलीस काय? पडशील! आणि पाठीला हे काय लागलंय?"

तो गाऊन ताणून दाखवतो. तांबड्या मातीचा पंजा, पाचही बोटं उमटलेली.

दारात डॉक्टर. "काय ठरलं, ताई?"

"काढा," मी म्हणते. "तिचं शिकवून झालंय."

खाटेवर सांडलेली माती झटकायला सुहास चादर ओढू लागतो. मी त्याचा हात धरते.

"राहू दे. तिथं आत्या बसलीय."