जाऊबाईंची वाटीभर भाजी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. "शोभा, ती गेली गं. बसल्या जागी..." एवढंच ते बोलले. त्याला आता दीड महिना झाला. शारदाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. आजारी होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इतकी वर्षं इतक्या मजेत आजारी असलेलं माणूस असं अचानक जाईल, हे मनात आलं नव्हतं.

माहेर दुधनीचं, घरात कानडी. पालेभाजीला त्या अखेरपर्यंत 'तप्पल'च म्हणायच्या. चाकवत, राजगिरा, घोळ... ताटात हिरवं नसलं की त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. मग मूत्रपिंडांचा जुनाट आजार निघाला, रक्तात पोटॅशियम वाढलेलं आढळलं आणि घरच्यांनी पालेभाजी पार बंद केली. जाऊबाईंची जेवणावरची वासनाच उडाली. चार घास खाऊन ताट सरकवायच्या. मला ते बघवेना. भाऊजी कामानिमित्त होटगीला गेलेले पाहून मी डब्यात राजगिऱ्याची भाजी नेली. त्यांनी डबा पुसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी नेली, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी त्यांच्या पायांतलं बळ गेलं, छातीत धडधडू लागलं... दवाखान्यात ठेवावं लागलं. भाजी कुणी दिली, असं सगळ्यांनी विचारलं. त्या गप्प राहिल्या. मीही राहिले, याची लाज अजून वाटते.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भाजी कशी करता, ते विचारलं. भाजी उकडलेलं पाणी आम्ही आमटीत घालतो, वाया घालवत नाही, असं जाऊबाईंनी अभिमानानं सांगितलं. पोटॅशियम बरंचसं त्या पाण्यातच उतरतं, असं बाई म्हणाल्या. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतायचं, मग भरपूर पाण्यात उकडून तेही ओतून द्यायचं. तरी पालक, राजगिरा नकोच. मेथी, कोबी चालेल, तीही छोटी वाटीभर आणि रक्ताचा रिपोर्ट बघूनच.

घरी पहिल्यांदा ते पाणी ओतताना त्यांचा हात थबकला. भाजीतलं सत्त्व टाकू नये, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मग लसणाची फोडणी दिली, मीठ नावाला घातलं, एक घास खाल्ला. "चव थोडी जाती," त्या म्हणाल्या, "पर भाजी तर राहती की."

त्याच दिवशी मी सगळ्यांसमोर रडत कबुली दिली. त्यांनी मला जवळ बसवलं. "तू आणलीस ते चुकलंच. पर उपाशी बघवलं न्हाय तुला, ते मी कशी इसरू?"

पुढची सहा वर्षं त्या नीट जेवल्या. तपासणीच्या रांगेत नव्या बायका रडवेल्या दिसल्या, की त्यांच्याशी बोलायच्या. माझं ऐकून काही करू नका, आधी आपला रिपोर्ट दाखवून विचारा, पण विचारा नक्की, असं प्रत्येकीला बजावायच्या.

परवा रविवारी भाऊजींकडे गेले. ज्यांना जन्मात कधी कोथिंबीर निवडताना मी पाहिलं नव्हतं, ते वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. कोवळे देठ एका बाजूला, जून दुसऱ्या बाजूला. मी हात पुढे केला, तर नको म्हणाले.

"तिनं शिकवलं. शेवटची दोन वर्षं मीच निवडून द्यायचो," ते म्हणाले. मग ढिगाचे दोन भाग केले. "एकट्याला जुडी लई होती गं. निम्मी तू घेऊन जा."