मारोतरावांचं तात्पर्य

मारोतराव रेल्वेतून गुड्स क्लार्क म्हणून रिटायर झाले, पण रायपूरच्या त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांची ओळख गोष्टीवाले काका अशीच. ससा-कासव, सिंह आणि उंदीर, तहानलेला कावळा, सगळे त्यांच्या खिशात. गोष्ट रंगवावी तर त्यांनीच! एकच खोड होती. गोष्ट संपली की समोरच्या पोट्ट्याला उभं करून विचारायचे, "बोल, तात्पर्य?" आणि ते तात्पर्य नेमकं त्या पोट्ट्याच्या त्याच दिवशीच्या गुन्ह्याला लागू पडायचं. लोकांना केवढं कौतुक! सगळ्यात जास्त तात्पर्यं वाट्याला आली ती त्यांच्या लेकीच्या, देवयानीच्या.

सहावीत असताना देवयानीनं गणिताचा पेपर चुकवायला दोनदा पोटदुखीचं सोंग केलं आणि पकडली गेली. मारोतरावांनी तिला पाहुण्यांसमोर 'लांडगा आला रे आला' ऐकवली, वर तिच्याच तोंडून तात्पर्य वदवून घेतलं. पोर रडली, पाहुणे हसले. महिन्याभरानं तिचं पोट खरंच दुखायला लागलं. "काहून, लांडगा आला का?" असं म्हणत या शहाण्या माणसानं तिला सायकलवर बसवून शाळेत सोडलं. दुपारी अपेंडिक्स फुटलं. पोर कशीबशी वाचली. त्यावर मारोतरावांनी पुढची तीस वर्षं एक शब्द काढला नाही. काढणार कुठल्या तोंडानं?

आता देवयानी नवा रायपुरात सरकारी कचेरीत आहे, राहते तेलीबांध्याला. दर रविवारी मारोतराव तिच्याकडे जातात, सात वर्षांच्या नातीसाठी, रुचितासाठी. रुचिताला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. गेल्या रविवारी तिनं नेमकी तीच मेंढपाळाची गोष्ट मागितली. देवयानी समोरच भाजी निवडत बसली होती. नाही कसं म्हणणार? त्यांनी सांगितली, पण आवाज काही लागला नाही. लांडग्यानं मेंढ्या नेल्या. तात्पर्य विचारायच्या आधीच रुचिता म्हणाली, "पर नानाजी, तीसरी बार लोग आए क्यों नहीं? एक बार देख तो लेते."

मारोतराव लेकीकडे वळले. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं.

"देवयानी, मीनं पाहाले पाहिजे होतं त्या दिवशी. चुकलं माझं, बेटा."

"जाऊ द्या ना बाबा. मी केव्हाच विसरली ते."

त्यांना केवढं हलकं वाटलं! तेवढ्यात रुचिता आईकडे वळली. "तो मम्मी, पिछले महीने नानाजी को क्यों नहीं बताया? तुम चार दिन हॉस्पिटल में थी ना?"

मारोतरावांना तर सांगितलं होतं, देवयानी ट्रेनिंगला भोपाळला गेली आहे.

देवयानीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "फोन हातात घेतला होता बाबा," ती म्हणाली. "मंग वाटलं, तुमाले खरं वाटन का नाही."