पाचव्या उसाशातलं नाव

१७ तीर १३२९ फसली, म्हणजे इंग्रजी १९२० चा मे महिना. सकाळचे सहा. मी हॉस्पिटल टेंटच्या मागे पट्ट्या उकळत होते.

कॅम्प पाटोद्याच्या वाटेवर एका डोंगराच्या पायथ्याशी होता. निजाम सरकारच्या सफरमैना, म्हणजे खोदकाम-बांधकाम करणाऱ्या पलटणीची एक तुकडी आणि तिची नर्स मी. मी बंदूक कधी धरली नाही. पण माझं नाव लष्कराच्या रोलवर, म्हणजे हजेरीपटावर होतं, ड्यूटी बिगुलावर सुरू व्हायची आणि रजा कप्तान साहेबांकडून घ्यावी लागायची. कोणी विचारलं तर मी लष्करात होते असंच सांगते.

काम साधं होतं. डोंगरातून येणारी एक जुनी भुयारी नहर गाळाने बुजली होती. ती साफ करून घोड्यांच्या तळासाठी पाणी आणायचं. नहरीला हवा मिळावी म्हणून वरून उभी भोकं पाडलेली असतात. त्यांना तिकडे उसासे म्हणतात. असे नऊ उसासे होते. सिरसाळ्याकडची सहा माणसं खोदकामाला भरती केली होती. त्यांच्यावर जमादार सालम होता.

जमादार जातीने चाऊस. आजोबा अरबस्तानातून निजामाच्या चाकरीला आलेला, आई बीडची. बोलायचा आमच्यासारखाच. जर्मनांशी झालेल्या मोठ्या लढाईत तो इजिप्तमध्ये सुएझला होता. तिथे कॅम्पचं पाणी पाहणारा एक म्हातारा मगरिबी, म्हणजे पश्चिमेकडचा अरब, त्याला भेटला होता. नहरीचं सगळं ज्ञान त्या म्हाताऱ्याचं. त्याबरोबर अंदलूसची गोष्टही आली होती. आपण ज्याला स्पेन म्हणतो ते अंदलूस.

ती गोष्ट मी क्विनाईनच्या पुड्या बांधता बांधता तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. म्हाताऱ्याचे पूर्वज तिथे सातशे वर्षं नहरी खोदत होते. डोंगरातलं पाणी शहरात न्यायचे, बागा करायचे. मग ख्रिस्ती राजाराणीने गरनाता, म्हणजे ग्रॅनाडा, हे त्यांचं शेवटचं शहर घेतलं. शेवटचा सुलतान किल्ल्या देऊन निघून गेला. त्याच वर्षी राणीच्या हुकमाने तीन जहाजं पश्चिमेला गेली आणि समुद्रापलीकडे नवा मुलूख सापडला. घरची लढाई संपली होती. बाप-आजापासून लढाईच करत आलेले शिपाई रिकामे बसले होते. ते त्या मुलखात गेले. तिथल्या लोकांच्या देवळांना ते मशिदीच म्हणायचे. परक्या देवाच्या घराला त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

नहरीवाल्यांना मात्र लगेच घालवलं नाही. पाणी लागत होतं. त्यांना फक्त बाप्तिस्मा देऊन नवी नावं दिली. वर चावडीवर नवं नाव सांगायचं. खाली नहरीत शिरलं की प्रत्येक उसाशाखाली थांबून आपलं जुनं नाव मोठ्याने घ्यायचं. वरचा माणूस ते परत पुकारायचा. माणूस किती आत गेला हे त्यावरून कळायचं. पुढे जहाजांबरोबर नहरीची विद्याही पलीकडे गेली. तिथेही लोकांना नवी नावं मिळाली आणि हातात कुदळी.

"जमादार, तुमची नहर आणि तुमची गोष्ट, दोन्ही सरळ जात नाहीत," मी एकदा म्हणाले.

"सरळ गेली तर पाणी जोरात येऊन भिंती खातं, बाई."

तोच नियम त्याने आमच्या नहरीत लावला. खाली खरं नाव घ्यायचं. तो स्वतः उतरताना "मुन्नू" म्हणायचा. आईने ठेवलेलं नाव. माणसं हसायची. तो हसू द्यायचा.

आता माझ्या चुकीबद्दल.

सहा जणांतला तुकाराम दोन दिवस तापाने माझ्या टेंटमध्ये होता. रोलवर तरीही सहा हजर होते. तुकारामच्या जागी त्याचा धाकटा भाऊ महादू कामाला जात होता. त्या भागात असं चालायचं. एका घरातल्या दोन भावांनी एका नावावर नोकरी करणं कोणाला खोटं वाटत नसे. महादू मला येऊन म्हणाला होता, "बाई, सांगू नका. दादाचं नाव कटंल. दोघांची पाठ एकाच मापाची हाय, सरकारला काय फरक पडतोय?"

मला ते पटलं. मी रिपोर्ट दिला नाही.

१७ तीरच्या त्या सकाळी दहा चाळीसला पाचव्या उसाशाच्या अलीकडे नहरीचं छत बसलं. बिगुल झाला. नहरीच्या तोंडाशी फॉलइन. तिथली पुढची हकीकत मला नंतर कळली. नाईकाने रोल वाचला. सहा नावं, सहा वेळा "हाजिर". कप्तान साहेब म्हणाले, "सगळे बाहेर. काम बंद. उसासे फळ्यांनी झाका."

फळ्या घेऊन गेलेला शिपाई परत आला. पाचव्या उसाशातून आवाज येतोय म्हणाला. कोणीतरी महादू, महादू असं म्हणतंय. नाईकाने रोल पाहिला. महादू नव्हता. नाव परत पुकारायचं काम खोदणाऱ्यांपैकीच एकाचं असायचं; नाईक उसाशांवर उभा राहून रोज फक्त आवाज मोजायचा, नावांकडे त्याचं लक्ष नसायचं. गावातल्या एका म्हाताऱ्याने आल्या दिवशीच सांगितलं होतं की नहर बांधताना मेलेली माणसं खालून आपली नावं घेतात. त्यामुळे सगळ्यांना उत्तर मिळालं. पलटणीतला एक जण म्हणाला, "ऐकू नको बे. उत्तर दिलं की वढून नेतंय."

महादूच्या बरोबरीच्या माणसांना तो कोण हे ठाऊक होतं. पण तुकाराम नावाला कोणीतरी "हाजिर" म्हटलं होतं. घाईत, धुळीत, त्यांनी तो महादूच धरला.

मी टेंटमध्ये होते. तुकाराम बाहेरून आला आणि खाटेवर बसला. अंग चटका बसावा इतकं तापलेलं.

"कुठं गेलतास?"

"बिगुल झाला. हजेरी देऊन आलो, बाई."

"कोणाची?"

"माझीच. नाव पुकारलं."

"आणि महादू?"

तो खाटेवरून उठला.

मी त्याला दंडाला धरून नहरीपर्यंत पळवत नेलं. सव्वाअकरा वाजले होते. कप्तान साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "रोल पूर्ण आहे." मी म्हणाले, "रोल खोटा आहे. मला माहीत होतं." टेकूची लाकडं आणायला गेलेला जमादार नुकताच परतला होता; त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नव्हे. त्याने पाचव्या उसाशावरची फळी काढली आणि खाली वाकून विचारलं, "कोण हाय?"

"महादू."

"महादू," जमादाराने परत पुकारलं. मग कंबरेला दोर बांधला. उतरताना त्याने "मुन्नू" म्हटलं. वर कोणी पुकारलं नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

अकरा पस्तीसला खालून दोर हलला. आम्ही ओढला. दोराला महादू होता. जमादाराने आपला दोर सोडून त्याला बांधला होता. महादूच्या एका पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. दोर परत खाली सोडेपर्यंत उरलेलं छत बसलं. उसाशातून धूळ वर आली. मग काही नाही.

अंधार पडेपर्यंत खोदलं, जमादार सापडला नाही. मी महादूच्या पायाला लाकडी खपच्या बांधल्या. चौकशीत जे होतं ते सांगितलं. तुकारामचं नाव कटलं.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. आता मी केजला बाळंतपणं करते. बाई दाखल झाली की कागदावरचं नाव लिहून घेते आणि मग विचारते, घरी काय म्हणतात. नातेवाइकांना तो आपलेपणा वाटतो. आपलेपणाने मी विचारत नाही. पाठीमागून कोणी माझं नाव घेतलं की अजून मी ते आधी परत म्हणते, मग वळते.

जमादाराच्या दगडावर हुद्दा आहे, नाव आहे, पलटण आहे. मुन्नू नाही.

छत बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १८ तीरला, सकाळी सहाला खोदणारे परत कामाला लागायच्या आत मी नहरीच्या तोंडाशी गेले. पहिल्या उसाशापासून सुरुवात केली. प्रत्येकावर वाकून "मुन्नू" म्हटलं आणि वीस अंक मोजेपर्यंत थांबले. पाचव्यावर दोनदा म्हटलं. नवव्यापर्यंत गेले. मग परत येऊन चूल पेटवली आणि पट्ट्या उकळायला ठेवल्या.