ड्रिल मशीन आणि काचेच्या बांगड्या

लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून सौंसरला आले, तेव्हा घराच्या पुढच्याच अंगाला ह्यांचं वर्कशॉप होतं. टिनाचं शेड, वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर आणि कोपऱ्यात फरशीला बोल्टांनी आवळलेली, माणसाच्या उंचीची उभी ड्रिल मशीन. आमच्याकडे कापूस, म्हणून उन्हाळाभर पिकातलं तण काढायचे लोखंडी डवरे बनायचे. बाकीचे दिवस फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या.

ऐंशी सालानंतरच्या एका वर्षी ऐन हंगामात ड्रिलवरचा कारागीर नागपूरला कारखान्यात लागला. रामाकोन्यापासून मोहगावपर्यंतच्या लोकांना डवरे कबूल केलेले होते. हे दिवसभर वेल्डिंग करायचे आणि संध्याकाळी डवऱ्यांच्या लोखंडी पट्ट्यांना होल पाडत बसायचे. माझी पोरं अजून व्हायची होती, आणि दुपारचा वेळ मला खायला उठायचा.

एक दिवस मी म्हटलं, "मी पाहू का करून?"

मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "केस वर बांध. पदर नको, माहा जुना शर्ट घाल वरून. बाह्या कोपराच्या वर." मग माझ्या हातांकडे बघून, "अन् बांगड्या काढा लागतीन."

आमच्याकडे बांगड्या भरायच्या म्हणजे मनगटाला घट्ट. कासारीण हात दाबून दाबून चढवते आणि त्या हातातच जुन्या होतात. मी मोरीत बसून साबण लावून एकेक काढली. एक वाढवावी लागली. बाहेर आले तेव्हा माझेच हात मला परके वाटत होते.

शिकवताना हे फार कडक. पहिल्या दिवशी होल पाडूच दिलं नाही. नुसता बिट लावायचा, चावीनं बिट धरणारा चक आवळायचा, चावी काढून खिळ्याला अडकवायची, परत सोडायचं. "चावी चकमधी राहिली अन् बटण दाबलं, तं ते गोळीवानी येते," म्हणाले. मग पट्टी वाइसमध्ये धरायची; हातात धरून होल पाडायचं नाही, कितीही लहान असो. पंचानं आधी खूण करायची, नाहीतर बिट घसरतो. जाड होलाला आधी बारीक बिट, मग मोठा, आणि मोठ्याला मशीनचा पट्टा बदलून चाल हळू. तेलाचा थेंब सोडत राहायचं. लोखंडाचा चुरा हातानं झाडायचा नाही, फुंकायचा तर मुळीच नाही, ब्रश घ्यायचा. हातमोजे नकोत, ते अडकतात. बिट खालून बाहेर पडायच्या बेतात असला की हात सैल करायचा, कारण तिथंच तो पट्टी पकडतो.

"अन् लाइन गेली तं पहिले बटण बंद. लाइन सांगून येत नाई."

लाइन तेव्हा दिवसातून कितीदा तरी जायची. ती सवय मला लवकर लागली. नीट चाललेला बिट लोखंडाची लांब, गुंडाळलेली सळसळती साल काढतो आणि आवाज एकसारखा येतो. आवाज कर्कश झाला की समजायचं, बिटची धार गेली किंवा आपण जास्तच जोर लावून राहिलो. हे कळायला मला एक आठवडा लागला. त्यानंतर काम आवडायला लागलं.

बांगड्या काढल्याचं सासूबाईंना चार दिवस मी कळू दिलं नाही. जेवायला वाढताना पदर मनगटावर ओढून घ्यायचे. एकदा भाकर वाढताना तो सरकला.

"हे काय वो? हात उघडे?" त्या ताटावरून उठल्याच. "माहा लेक जित्ता हाय अजून!"

"मशीनवर घालता येत नाई, आई."

"मंग मशीनवर जाऊ नको."

हे मान खाली घालून जेवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "आई, मशीनले काय समजते, सवाष्ण कोण अन् कोण नाई? अडकलं का ओढते."

त्यानंतर त्यांचं माझ्याशी बोलणं बंद. चहा माझ्यासाठी करायच्या, कप ओट्यावर ठेवायच्या आणि निघून जायच्या. मलाही वाईट वाटत होतं. त्या चूक आहेत असं मला मनापासून वाटत नव्हतं. बिनबांगड्यांच्या हातांनी देवापुढे दिवा लावताना माझाही जीव खालीवर व्हायचा.

मग एका दुपारी मोहगावचे एक शेतकरी आपला डवरा बघायला आले. ऊन रणरणत होतं, त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, एक टोक खांद्यावरून लोंबत होतं. हे मागे लोखंड कापत होते. सासूबाई नेमक्या ह्यांचा चहा घेऊन आल्या होत्या.

"मोठा होल पाडून राहिल्या का, वहिनी?" म्हणत ते गृहस्थ बघायला वाकले.

"मागं व्हा, भाऊ," मी म्हणेपर्यंत टोक फिरत्या चकला लागलं. झर्रकन गुंडाळलं गेलं आणि त्यांचं डोकं मशीनकडे ओढलं गेलं. माझा हात बटणावर गेला तो मी नेला म्हणून नाही, तो आपोआप गेला. मशीन घरघरत थांबेपर्यंत दुपट्ट्याचा वेढा डोक्यावरून सुटून आला होता. मानेवर लाल वळ उठला होता, कान खरचटला होता. बाकी काही नाही. ते मटकन खाली बसले. सासूबाईंच्या हातातला चहा सगळा त्यांच्याच पायावर सांडला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

हे धावत आले. दुपट्टा चकमधून कापूनच काढावा लागला. सासूबाईंनी त्या गृहस्थांना पाणी दिलं, हळद लावली, आणि कितीतरी वेळ त्या दुपट्ट्याच्या चिंध्या हातात धरून बघत राहिल्या.

बाजाराच्या दिवशी त्यांनीच कासारणीला घरी बोलावलं. मला समोर बसवलं.

"एक माप मोठं भर हिले," म्हणाल्या. "काढता आल्या पाहिजे, घालता आल्या पाहिजे."

कासारीण म्हणाली, "सैल दिसतीन वो, काकू. खुळखुळतीन."

"खुळखुळू दे. तू भर."

मशीनवर जाताना मी बांगड्या काढून सासूबाईंच्याच हातात द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्याची वाटी आणली आणि ड्रिल मशीनभोवती फरशीवर जाड रेघ ओढली. दुपारी पोतं टाकून तिथंच वाती वळत बसायच्या. गिऱ्हाईक आलं की, "रेघीच्या बाहेर. दुपट्टा काढून ठेवा." कुणी ऐकलं नाही, तर मला हाक, "बंद कर वो मशीन."

पाऊस पडायच्या आत सगळे डवरे गेले. आषाढात माझ्या नणंदेचे यजमान आले, घरचे जावई. माझं काम चालू होतं आणि ते कौतुकानं बघायला पुढे झाले. सासूबाईंनी खुर्ची आणून रेघेच्या बाहेर ठेवली.

"जावईबापू, इथून दिसते सगळं," म्हणाल्या. "बसा."

ते बसले. चहाही त्यांनी तिथंच प्यायला.